तीन कपांत आठ

डार्ला कुचेराच्या हाताबद्दल सीडर बेंड गावच्या शाळेत कुणाचं दुमत नव्हतं. एकोणीस वर्षं ती दुपारच्या रांगेपुढे उभी राहून मुलांच्या ताटात वाढत होती, आणि तिचा स्कूप भरला की सुरीनं कापल्यासारखा सपाट भरायचा. ना वर शीग, ना आत खळगा. स्वयंपाकघराची मुख्य व्हर्लीन ही कौतुकाच्या बाबतीत चिकट बाई, पण तीही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "डार्लाचा हात हलका आहे. तिनं वाढलं की पुरून उरतं."

हेच कौतुक फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी डार्लाच्या गळ्याशी आलं.

शुक्रवार म्हणजे राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल. हवेत दालचिनीचा वास भरून राहिलेला, भांडी निम्मी आवरलेली, आणि शाळाखात्याच्या जिल्हा कचेरीतून आलेल्या ग्वेन लिंडग्रेनबाई पुढ्यात तीन वर्षांचे कागद मांडून बसलेल्या. सरळ बाई होती. आवाज चढवत नव्हती.

"दर गुरुवारी बनमधला खिमा असतो," ग्वेन म्हणाली. "क्वार्टच्या मापानं चोवीस क्वार्ट शिजतो. खिम्याला तुम्ही हा पिवळट मुठीचा स्कूप वापरता. त्याच्यावर दहा आकडा आहे, म्हणजे एका क्वार्टमध्ये दहा स्कूप. चोवीस दाहे दोनशे चाळीस. मुलं दोनशे चाळीस. पातेलं खरवडून निघायला हवं. बरोबर?"

"बरोबर," डार्ला म्हणाली.

"मग तुमच्याच अक्षरात दर गुरुवारपुढे 'उरले सोळा' असं का लिहिलंय? मुलं कमी असली आणि तुम्ही कमी शिजवलं, की पंधरा. नाहीतर सोळा. तीन वर्षं सोळा."

"अहो, थोडंफार उरतंच की," व्हर्लीन मध्ये पडली. "डार्लाचा हात मुळातच हलका..." आणि ती थांबली. पण थांबायला तिनं जरा उशीरच केला होता.

"बटाट्याच्या दिवशी काही उरत नाही," ग्वेन म्हणाली. "भाताच्या दिवशी उरत नाही. फक्त खिम्याच्या दिवशी उरतं. कुणी घरी नेतं असं मी म्हणत नाही."

असं म्हणत नाही म्हणणाऱ्यांचं ते म्हणून झालेलंच असतं. डार्लाचे कान तापले. उरलेला खिमा तिनं कधी डब्यात भरला नव्हता. आठवीची धटिंगणं दुसऱ्यांदा रांगेत यायची त्यांना थोडा जायचा, बाकीचा गार कपाटात आणि तिथून शुक्रवारच्या चिलीत. पण ते सांगून काय होणार होतं? प्रश्न उरलेला कुठे जातो हा नव्हताच. तो उरतो का, हा होता.

"पुढच्या गुरुवारी मी स्वतः येऊन उभी राहीन," कागद गोळा करत ग्वेन म्हणाली. "तेव्हाही असंच झालं तर तुम्हाला रांगेवरून काढून भांड्यांच्या खोलीत पाठवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका डार्ला, पण पोरांच्या तोंडचा घास आहे हा."

वाईट वाटून घेऊ नका. शनिवार-रविवार डार्लानं दुसरं काहीच केलं नाही. भांड्यांच्या खोलीची तिला धास्ती नव्हती, वाफेत उभं राहायला ती कुणाला भीत नव्हती. तिला छळत होतं ते वेगळंच. ग्वेनचं म्हणणं खरं असलं तर? ह्याच शाळेत, ह्याच रांगेत ती स्वतः कधीकाळी ताट धरून उभी राहिली होती, आणि ज्या घरातून ती यायची तिथे दुपारचं हे जेवण म्हणजेच दिवसाचं जेवण होतं. वाढणारीचा हात वर जाताना स्कूप भरलाय की नाही हे तिला दहा पावलांवरून कळायचं. आताही रांगेतली अशी पोरं तिला पाठ होती. सातवीतला एक लांबोडका पोरगा सुट्टीनंतरच्या सोमवारी ताट असं पुसून काढायचा, की विसळणारीला काम उरू नये. त्याच्या बनमधला खिमा आपण एकोणीस वर्षांच्या सवयीनं, नकळत, चिमूटभर मागे ठेवत आलो असू? स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून ती आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. ज्या अंगठ्यानं स्कूपची कळ दाबायची, तो अंगठा तिला परका वाटायला लागला.

सोमवारी बटाट्याचा लगदा होता. त्याला करड्या मुठीचा आठ नंबर. ह्या स्वयंपाकघरात स्कूपला नाव नसतं, मुठीचा रंग असतो आणि दांड्यावर आकडा. आठ म्हणजे क्वार्टमध्ये आठ, बारा म्हणजे क्वार्टमध्ये बारा. आकडा मोठा तितका स्कूप लहान, हे नव्या बाईच्या डोक्यात शिरायला आठवडा जातो, आणि तोवर ती सोळा नंबरच्या निळ्यानं बटाटे वाढून आठवीकडून शिव्या खाते. डार्लाला ते सगळं झोपेतही चुकलं नसतं. पण त्या सोमवारी तिनं प्रत्येक स्कूपवर शीग ठेवली. सातवीतल्या लांबोडक्याला तर दोन शिगा. शेवटची अकरा मुलं आली तेव्हा पातेलं कोरडं होतं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" पाकिटातली बटाट्याची भुकटी गरम पाण्यात घोटत व्हर्लीन करवादली. "आजवर कधी तुझ्या हातून एक पोर राहिलं नाही, आणि आज अकरा?"

"कमी पडायला नको म्हणून."

"कमी पडू नये म्हणून कमी पाडलंस."

डार्ला रिकामं पातेलं उचलून धुवायला घेऊन गेली. एरवी तिनं व्हर्लीनला सोडलं नसतं.

मंगळवारी दुपारी, मुलं वर्गात गेल्यावर, ट्रेव्हर बार्टेल्स नेहमीसारखा मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला आणि दुधाचा रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसला. ट्रेव्हर आता सहावीला गणित शिकवायचा, टाय लावायचा, मुलं त्याला मिस्टर बार्टेल्स म्हणायची. पण डार्लानं त्याला पहिलीपासून आठवीपर्यंत वाढलेलं होतं, आणि त्याला वाटाणे आवडत नाहीत हे त्याच्या बायकोच्या आधी तिला माहीत होतं. त्यामुळे मिस्टर वगैरे दाराबाहेर.

"चेहरा का पाडलायस?" उरलेलं पास्त्याचं ताट त्याच्या हातात देत तिनं विचारलं.

"ब्रिन आहे ना माझ्या वर्गात, वेणीवाली," तो म्हणाला. "आज अपूर्णांकांचा भागाकार घेतला. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. सगळ्यांनी केलं. ब्रिननं हात वर केला. सहाला अर्ध्यानं भागलं तर बारा येतात, म्हणाली, वाटल्यावर वाढतं कसं? आणि उलटं का करायचं?"

"मग काय सांगितलंस?"

"नियम आहे म्हणून सांगितलं." त्यानं काटा ताटात ठेवला. "ती भांडली नाही, मिस डार्ला. तिनं फक्त पेन्सिल खाली ठेवली. मला वाईट कशाचं वाटलं माहितीये? मलाही माहीत नाही. मलाही कुणीतरी नियम आहे म्हणूनच सांगितलं होतं."

डार्लानं ह्या विषयापुढे सातवीतच हात टेकले होते. फळ्यापाशी उभी राहिली असताना, पहिला अपूर्णांक उलटा करायचा की दुसरा, हे तिला आठवेना, आणि सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून गणित हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं तिनं स्वतःला समजावून टाकलं होतं. पण ब्रिनचा पहिला प्रश्न तिला प्रश्नच वाटला नाही.

"त्यात वाढायचंय काय?" ती ओटा पुसता पुसता म्हणाली. "सहा कप बटाटे आहेत. करडा स्कूप अर्ध्या कपाचा. किती पोरं जेवली?"

"बारा."

"बटाटे वाढले?"

"नाही."

"मग? बारा कप कुठे झालेत. बारा स्कूप झालेत."

ट्रेव्हर तिच्याकडे बघतच राहिला. तोंडातला घास गिळायचं त्याला सुचलं नाही.

"काय झालं?"

"एवढंच आहे होय ते?" तो म्हणाला. "ह्याच्यात ते किती वेळा मावतं. भागाकार म्हणजे..." तो उठला आणि गार कपाटाशेजारच्या तक्त्यापाशी गेला. प्लास्टिकमध्ये मढवलेला तो तक्ता डार्ला यायच्या आधीपासून भिंतीवर होता. मुठीचा रंग, आकडा, आणि कपाचा भाग, असे तीन रकाने. "अर्ध्याचं कुणालाही दिसेल. पण उद्या ब्रिन अवघडातलं विचारणार. हे बघा, पिवळट मूठ. कपाचे तीन छेद आठ. तीन छेद आठनं भागायचं म्हणजे आठ छेद तीननं गुणायचं. का? हे मला दाखवता येणार नाही."

पिवळट मुठीचं नाव निघताच डार्लाचा हात फडक्यावर थांबला. शुक्रवारपासून तो स्कूप तिनं खुंटीवरून काढला नव्हता. त्याच्याकडे बघवतही नव्हतं. पण समोर तिनंच वाढून मोठं केलेलं पोरगं तोंड पाडून उभं होतं, आणि भुकेल्या माणसाला थांब म्हणायची तिला सवय नव्हती.

तिनं स्कूप काढला. साखरेची पिशवी काढली, मोजायचा पत्र्याचा कप काढला, सुरी काढली. एक कप साखर सपाट करून परातीत ओतली आणि स्कूपनं भरून भरून वाडग्यात टाकायला लागली. एक. दोन. तिसरा भरेना. तळाशी साखर उरली, पण स्कूपभर नाही.

"अर्धा म्हणायचा का हा?" ट्रेव्हरनं विचारलं.

"अर्ध्याच्या वर आहे. पाऊण नाही." हे सांगायला तिला माप लागत नव्हतं. "ते मधलं काहीतरी. थांब, अजून एक कप घे."

दुसरा कप परातीत पडला. तीन, चार, पाच. पुन्हा तळाशी थोडी उरली, ह्या वेळी आधीपेक्षा कमी. डार्लानं भुवया आवळल्या. तिसरा कप ओतला. सहा. सात. आठवा स्कूप तिनं परात तिरकी करून, कोपऱ्यातले कणसुद्धा सुरीनं लोटून भरला. तो भरला. काठोकाठ, ना शीग, ना खळगा. परातीत साखरेचा एक दाणा उरला नाही.

भांडी धुण्याचं यंत्र तेवढं पलीकडे घुमत होतं.

"तीन कपांत आठ," डार्ला म्हणाली.

"तीन छेद आठ," ट्रेव्हर हलकेच म्हणाला. "आणि उलटं केलं की आठ छेद तीन."

"उलटं कुठे केलं आपण? आपण काहीच उलटं केलं नाही." डार्लाचा आवाज तिचा तिलाच वेगळा लागला. "स्कूपला विचारलं, तू कपाचा किती? तर तो म्हणतो, तीन छेद आठ. आता कपाला विचार, तुझ्यात स्कूप किती? तीन कपांत आठ, तर एका कपात आठाचा तिसरा हिस्सा. दोन पुरे आणि वर दोन तृतीयांश. ते तळाशी उरलं होतं ना, तेच ते." ती बोलता बोलता थांबली. "मी तुझी आत्या असले तर तू माझा भाचा असशील. नातं एकच. कुणाकडून बघायचं तेवढं बदललं."

ट्रेव्हरनं खिशातून कागद काढला, पण लिहिलं काहीच नाही. "म्हणजे दर कपाला आठ छेद तीन स्कूप," तो म्हणाला. "कितीही कप असोत. म्हणून गुणायचं."

"म्हणून गुणायचं," डार्ला म्हणाली.

तिला हसू येत होतं. चाळीस वर्षांपूर्वी फळ्यापाशी ज्याच्यापायी तिचं हसं झालं होतं, ते हे होतं? हे तर रोज तिच्या मुठीत होतं. ती करड्या स्कूपकडे वळली. अर्धा कप, म्हणजे कपात दोन. हिरवा, कपाचा तिसरा भाग, कपात तीन. पांढरा, दोन छेद तीन. मग दोन कपांत तीन बसायला हवेत. आधी तोंडानं बोलली आणि मग साखर ओतली. दोन कपांत तीन. एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. साखरेला कुणी शिकवलं नव्हतं. साखरेला नियम माहीत नव्हता. तरी ती बरोबर तिथेच येऊन थांबत होती जिथे डार्लानं सांगितलं होतं. हे असं आधीपासूनच होतं. ती जन्मायच्या आधीपासून, ही शाळा उभी राहायच्या आधीपासून, आणि कुणी बघो न बघो, असंच राहणार होतं. चर्चमध्येसुद्धा तिला इतकं गप्प व्हावंसं कधी वाटलं नव्हतं.

"क्वार्ट करून बघू," ती म्हणाली. "क्वार्ट म्हणजे चार कप. करड्याचे चार दुणे आठ, आणि त्याच्यावर आठच छापलंय. हिरव्याचे चार त्रिक बारा. बाराच छापलंय. बघ, दांड्यावरचा आकडा म्हणजे हाच भागाकार. कुणीतरी करूनच ठेवलाय. आणि आपला हा पिवळट..."

तीन कपांचे आठ स्कूप वाडग्यात होतेच. तिनं चौथा कप परातीत ओतला. नऊ. दहा.

परातीत साखर होती.

डार्लानं स्कूप उलटा करून दांडा पाहिला. दहा. तिनं पुन्हा परातीत पाहिलं. तळाशी तीच ती ओळखीची उरलेली साखर, अर्ध्याच्या वर, पाऊणच्या खाली.

"दहा पूर्णांक दोन छेद तीन," ट्रेव्हर म्हणाला. "दांड्यावर एवढं कुठे मावणार. स्कूप बनवणाऱ्यांनी वरचं उडवलं आणि दहा ठोकून दिले. तक्त्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत, पण कोण जुळवून बघतंय. मिस डार्ला? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

डार्ला उलट्या क्रेटवर बसली होती. ट्रेव्हरला शुक्रवारचं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, बाईंना चक्कर आली.

"एका क्वार्टला दोन तृतीयांश जादा," ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली. "तीन क्वार्टांना दोन अख्खे. चोवीसमध्ये तीन किती वेळा?"

"आठ वेळा."

"आठ दुणे..." तिनं ॲप्रनचा सोगा तोंडाला लावला आणि ती रडली. ट्रेव्हर गोंधळून पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला. मग तिनं त्याला सगळं सांगितलं. सोळा स्कूप कुणाच्याही बनमधून काढलेले नव्हते. लांबोडक्याच्या नाही, कुणाच्याच नाही. ते पहिल्यापासून पातेल्यातच होते, दर क्वार्टमागे दोन तृतीयांश, दर गुरुवारी मुकाट्यानं हजर, आणि एकोणीस वर्षं ती त्यांना आपल्या हाताचा गुण समजत होती आणि चार दिवसांपासून आपल्या हाताचा दोष. हाताचा काही संबंधच नव्हता. तिचा हात फक्त खरा होता. इतका खरा, की आकडा चुकला तेव्हा त्याची चूक तिच्या वाढण्यात दर आठवड्याला जशीच्या तशी उमटत राहिली.

बुधवारी सकाळी ट्रेव्हर स्कूप आणि साखरेची पिशवी उसनी घेऊन गेला. दुपारी रांगेत वेणीवाली ब्रिन पुढे आली, तिनं ताट धरलं, डार्लाकडे बारकाईनं पाहिलं आणि नमस्कार करावा तसं म्हणाली, "आठ छेद तीन."

"उलटं का करायचं?" डार्लानं विचारलं.

"आम्ही उलटं नाही केलं," ब्रिन म्हणाली. "आम्ही कपाला विचारलं." आणि ताट घेऊन निघून गेली.

गुरुवारी फ्लूनं निम्मी चौथी आणि निम्मी पाचवी झोपली होती. सकाळच्या मोजणीत दोनशे दहा मुलं भरली. व्हर्लीननं एकवीस क्वार्ट शिजवायला घेतले. पातेल्याखाली जाळ लावायच्या आधीच डार्लानं एका चिठ्ठीवर आकडा लिहिला, चिठ्ठी दुमडली आणि व्हर्लीनच्या ॲप्रनच्या खिशात घातली. "ग्वेनबाईंनी मोजेपर्यंत उघडायची नाही," तिनं बजावलं. व्हर्लीननं जन्मात कुठलं पाकीट उघडायचं सोडलं नव्हतं, पण ती चिठ्ठी तिनं दुपारपर्यंत खिशात ठेवली. हेही त्या दिवशीचं एक आश्चर्यच म्हणायचं.

ग्वेन अकराला आली आणि डार्लाच्या कोपराशी उभी राहिली. डार्लानं एकेक स्कूप भरला, काठाशी निरपला, कळ दाबली. ना शीग, ना खळगा. सातवीतल्या लांबोडक्यालाही तिनं अगदी सपाट स्कूप दिला, आणि देताना त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. शेवटचं मूल गेल्यावर ग्वेननं स्वतः स्कूप घेतला आणि पातेल्यातलं उरलेलं मोजलं.

"चौदा," ती म्हणाली. तिच्या आवाजात खुशी नव्हती, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. "मी प्रत्येक स्कूप बघत होते, डार्ला. एकही कमी नव्हता. मला काही कळत नाहीये."

व्हर्लीननं चिठ्ठी काढली, उघडली, आणि तिचे डोळेच विस्फारले. "सकाळी आठ वाजता लिहिलंय हिनं," ती म्हणाली. "पातेलं गार असताना." आणि चिठ्ठी ग्वेनपुढे धरली. चिठ्ठीवर चौदा लिहिलं होतं.

मग डार्लानं परात मांडली. पण ह्या वेळी तिनं साखरेला हात लावला नाही. कप, स्कूप आणि सुरी ग्वेनच्या हातात दिली आणि ती बाजूला उभी राहिली. कचेरीतली बाई, पण सुरीनं सपाट करायला चुकली नाही. दोन, आणि थोडं. पाच, आणि थोडं. आठवा स्कूप काठोकाठ भरला तेव्हा ग्वेनचा श्वास अडकलेला डार्लाला ऐकू आला. तिला तो ओळखीचा वाटला. चौथ्या कपाला ग्वेन दहावर पोचली, परातीतल्या उरलेल्या साखरेकडे बघत उभी राहिली, आणि बऱ्याच वेळानं तिनं स्कूपचा दांडा आपल्याकडे वळवून तो आकडा वाचला.

"हा खोटं बोलतोय," ती म्हणाली.

"खोटं नाही. अर्धवट बोलतोय," डार्ला म्हणाली. "बाकीचे सगळे पुरं बोलतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. बटाट्याच्या दिवशी काही उरत नाही, भाताच्या दिवशी नाही. तुम्हीच म्हणाला होतात."

"मी म्हणाले होते." ग्वेननं कागदांची फाइल मिटली. "मी तुमची माफी मागते. तुम्हा दोघींची."

व्हर्लीन लगेच कॉफी ओतायला लागली, कारण माफी मागणाऱ्या माणसापुढे काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. डार्लाला वाटलं, आता जीव भांड्यात पडायला हरकत नाही. पण ग्वेन कॉफीच्या कपाला हात लावत नव्हती. ती परातीकडेच बघत होती.

"अठरा क्वार्ट असतील तर?" तिनं विचारलं.

"बारा उरतील," डार्ला म्हणाली. विचार करायला तिला वेळ लागला नाही.

"बारा," ग्वेन म्हणाली. "बाराच होते." तिनं खुर्ची ओढली आणि ती बसली. "नदीपलीकडच्या शाळेत रोझेला पॉस्पिशिल म्हणून आहे. होती. तिथे एकशेऐंशी मुलं. मागच्या वसंतात मी तिच्यापुढेही असेच कागद मांडले. ती भांडलीसुद्धा नाही. म्हणाली, असेल, माझाच हात असेल. आणि आठवड्यात नोकरी सोडून गेली. मुलगी सांगत होती की ती आता घरीसुद्धा कुणाला वाढत नाही."

व्हर्लीनच्या हातातली कॉफीची किटली तशीच राहिली. डार्लाला त्या बाईचा चेहरा ठाऊक नव्हता, पण खिडकीशी बसून आपल्या अंगठ्याकडे बघणारी बाई तिला स्पष्ट दिसत होती.

"मी आजच जाते," ग्वेन म्हणाली. "तिला सांगते की चूक माझी होती. सगळा हिशेब कागदावर मांडून दाखवते."

"कागद नको," डार्ला म्हणाली. तिनं पिवळट मुठीचा स्कूप धुतला, पुसून कोरडा केला, साखरेच्या पिशवीचं तोंड दोऱ्यानं बांधलं आणि कप, सुरी, सगळं एका खोक्यात घालून ग्वेनच्या हातात दिलं. "साखर तिलाच ओतू द्या. आणि तिसरा कप संपेपर्यंत तुम्ही काही बोलू नका."